चित्रपटांतला आदिमानव इतका अडाणी का दिसतो?

अश्मकथा

मी एका लघुपटाची पटकथा लिहीत आहे. काळ सुमारे ४५,००० वर्षांपूर्वीचा, स्थळ हिमयुगातला युरोप आणि पात्रे म्हणजे निअँडरथल मानवांचे, म्हणजे आपल्या जवळच्या पण नामशेष झालेल्या मानवप्रकाराचे, एक छोटे कुटुंब. तयारी म्हणून या विषयावरचे हाती लागतील तेवढे चित्रपट पाहून काढले. त्यांतल्या बहुतेकांत रंगभूषेवर, निसर्गचित्रणावर आणि प्राण्यांवर बरीच मेहनत घेतलेली दिसते. मात्र पात्र एखादे काम करायला बसले की ते काम आयुष्यात प्रथमच करत असल्यासारखे वाटते. भाला काठीसारखा धरलेला असतो, कातडे सोलण्याऐवजी ओरबाडले जाते आणि विस्तवाकडे तर जो तो चमत्कार पाहिल्यासारखे डोळे विस्फारून पाहत असतो. ज्याच्या शेकडो पिढ्या शेकोटीभोवती वाढल्या, त्याला तिचे एवढे अप्रूप का वाटावे?

माझे मत असे की, आदिमानव खरा वाटावा यासाठी चेहऱ्यापेक्षा आणि कपड्यांपेक्षा हाताचा सराईतपणा महत्त्वाचा आहे, आणि नेमके त्याच्याकडेच दुर्लक्ष होते. हे मत टिकण्यासारखे आहे का, की भाषा, शरीरयष्टी किंवा दुसरेच काही आधी सुधारायला हवे, हे जाणकारांकडून समजून घ्यायला आवडेल.

जुनाट

धागा उत्तम. या अडाणीपणाचे मूळ चित्रपटसृष्टीच्या बाहेर आहे, एवढे प्रथम नोंदवतो. १९०८ साली फ्रान्समधल्या ला शापेल-ओ-सँ येथे एका निअँडरथल पुरुषाचा बराचसा पूर्ण सांगाडा सापडला. मार्सेलँ बूल या नामांकित पुराजीवशास्त्रज्ञाने त्यावर १९११ ते १९१३ या काळात विस्तृत प्रबंध प्रसिद्ध केला आणि त्यात हा मानव गुडघ्यांत वाकलेला, मान पुढे काढून चालणारा, जवळजवळ वानरासारखा रंगवला. वस्तुतः तो पुरुष उतारवयाचा होता, त्याचे बरेचसे दात पडलेले होते आणि त्याला संधिवात होता. स्ट्रॉस आणि केव्ह या दोन शरीररचनाशास्त्रज्ञांनी १९५७ साली तो सांगाडा पुन्हा तपासला, तेव्हा निअँडरथल आपल्याइतकाच ताठ चालत असे हे स्पष्ट झाले. दरम्यान चित्रे, व्यंगचित्रे आणि पडदा यांनी ती पोक कायमची उचलली होती. एका आजारी म्हाताऱ्याची चाल साऱ्या मानवजातीच्या माथी मारली गेली आणि नटांना आजही तीच शिकवली जाते.

खट्याळ_खार

पोक काढलेला नायक एक वेळ चालेल, पण त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या नायिकेच्या भुवया इतक्या रेखीव कशा, याचा खुलासा कोणत्याही प्रबंधात मिळत नाही. १९६६ सालच्या 'वन मिलियन इयर्स बी.सी.' या चित्रपटाने केसाळ कातड्याची बिकिनी आणि डायनोसॉर एकाच चौकटीत आणून साडेसहा कोटी वर्षांचे अंतर एका झटक्यात मिटवले. २००८ सालच्या '१०,००० बी.सी.'मध्ये तर मॅमथ पिरॅमिड बांधायच्या कामाला लागलेले आहेत. त्या मानाने अश्मकथा यांच्या तक्रारी फारच सुसंस्कृत आहेत.

रंगपेटी

मी प्रोस्थेटिक रंगभूषेचे, म्हणजे चेहऱ्यावर कृत्रिम थर बसवून तो बदलण्याचे, काम करते. चेहरा दुय्यम आहे हे मला सहजासहजी मान्य होणार नाही, परंतु चेहऱ्याची खरी अडचण बाहेरच्यांना ठाऊक नसते, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या कलेत चेहऱ्यावर भर घालता येते, चेहऱ्यातून काही काढता येत नाही. निअँडरथलचे कपाळ मागे उतरते असते, भुवयांवर हाडाचा सलग उंचवटा असतो, चेहऱ्याचा मधला भाग नाकासह पुढे आलेला असतो आणि हनुवटी अशी नसतेच. नटाचे कपाळ मात्र उभे असते आणि त्याला हनुवटी असते. ते कपाळ मागे ढकलणे शक्य नसल्यामुळे आम्ही भुवयांवर सिलिकॉनचा उंचवटा बसवतो, मग त्याच्या प्रमाणात नाक वाढवतो, मग गाल भरतो, आणि शेवटी खांद्यांच्या मानाने डोके भोपळ्याएवढे होते. हनुवटी लपवायला सोपा उपाय म्हणजे दाढी. आदिमानव सरसकट दाढीवाले दिसतात त्यामागे संशोधनापेक्षा ही सोय अधिक आहे.

दुसरे असे की, सिलिकॉनचा थर जाड झाला की त्याखालचे बारीक स्नायू पडद्यावर पोहोचत नाहीत. कपाळावरची पुसटशी आठी थरातच विरते. मग दिग्दर्शक नटाला हावभाव मोठे करायला सांगतो, आणि तेथून तो गुरगुरणारा, नाकपुड्या फुगवणारा, तोंड वासून पाहणारा प्राणी जन्माला येतो. म्हणजे अश्मकथा यांना जो अडाणीपणा वाटतो, त्याचा काही भाग निव्वळ थराच्या जाडीचा आहे. माझ्या हाती असते तर मी जन्मतः रुंद नाकाचे आणि ठळक भुवयांचे नट निवडले असते, उंचवटा पातळ ठेवला असता आणि बाकीचे काम दातांवर केले असते. त्या काळच्या प्रौढांचे दात किडलेले क्वचित असत, पण झिजून सपाट झालेले असत. पडद्यावर नेमके उलटे, म्हणजे काळे किडके दात दाखवतात.

दंतोष्ठ्य

रंगपेटी यांनी दातांचा विषय काढला म्हणून भाषेकडे वळतो. वरचे आणि खालचे पुढचे दात कडेला कडा टेकतील असे जुळणे हे शेतीपूर्व काळात प्रौढांमध्ये सर्रास आढळते. मऊ अन्न आल्यानंतर वरचे दात किंचित पुढे राहू लागले आणि त्यामुळे खालचा ओठ वरच्या दातांना टेकवून काढायचे ध्वनी सोपे झाले, अशी मांडणी २०१९ साली झाली. तिच्यावर वाद आहेत, तरीही कृत्रिम भाषा रचणाऱ्याने असे ध्वनी टाळले तर ते रास्त ठरेल, अशा दृष्टीने ती मला उपयोगाची वाटते.

गुरगुराटाला मात्र आता फारसा आधार उरलेला नाही. इस्राएलमधल्या केबारा गुहेत १९८३ साली सापडलेल्या निअँडरथल सांगाड्यात जिभेच्या मुळाशी असणारे लहानसे हाड शाबूत होते आणि ते आपल्या हाडासारखेच आहे. भाषेशी संबंध असलेल्या फॉक्सपी-टू या जनुकाचे आपल्यात आढळणारे रूप निअँडरथलमध्येही होते, हे २००७ साली दिसून आले. यांवरून त्यांचे व्याकरण कळत नाही, पण ते केवळ हुंकार देत असत असे मानणे अधिक धाडसाचे आहे.

चित्रपटांनी प्रयत्न केलेलेच नाहीत असे म्हणता येणार नाही. १९८१ सालच्या 'क्वेस्ट फॉर फायर'साठी कादंबरीकार अँथनी बर्जेस यांनी भाषा रचली आणि प्राणिशास्त्रज्ञ डेस्मंड मॉरिस यांनी देहबोली बसवली. २०१८ सालच्या 'अल्फा'साठीही स्वतंत्र भाषा तयार करून घेतली होती. २०१७ सालच्या 'आइसमॅन'मध्ये पात्रे आल्प्स भागातल्या रेशियन या लुप्त प्राचीन भाषेच्या (रशियन नव्हे) एका रूपात बोलतात आणि प्रेक्षकांसाठी त्याचे भाषांतर मुद्दाम दिलेलेच नाही. माझा कौल या शेवटच्या मार्गाला आहे.

संशयात्मा

सर्वांचा व्यासंग मान्य करूनही मूळ गृहीतकालाच हरकत घेतो. आपण ज्याला वास्तव म्हणत आहोत ते हाडे, दगड आणि थोडेसे डीएनए एवढ्यावर उभारलेले अनुमान आहे. ओठांची जाडी, नाकाचे टोक, कानांचा आकार, केसांची ठेवण यांतले काहीही कवटी नेमके सांगत नाही. एकाच कवटीवरून दोन शिल्पकार दोन वेगळी माणसे घडवतात. दर पिढीला तिच्या आवडीचा निअँडरथल मिळतो: बूलच्या काळात तो रानटी होता, आज तो संवेदनशील आणि कुटुंबवत्सल झाला आहे. अशा वेळी चित्रपटाने अचूकतेचा आव न आणता सरळ प्रेक्षकांच्या भाषेत बोलावे आणि कथा सांगावी. रोमन सेनापती इंग्रजीत बोललेले चालतात, तर निअँडरथल आई का नको?

जुनाट

संशयात्मा, चित्र पिढीगणिक बदलत गेले हे खरे, पण ते मनमानी बदललेले नाही. १९५७ नंतर पोक मागे पडली ती अभिरुची बदलली म्हणून नव्हे, तर हाडे नीट वाचली गेली म्हणून. अनुमानांतही फरक असतो. ओठांची जाडी हे कमकुवत अनुमान आहे, ताठ चाल हे भक्कम आहे. चित्रपटाने निदान भक्कम बाजूचा तरी अपमान करू नये, एवढीच अपेक्षा आहे.

पाऊलवाट

भक्कम पुराव्याची गोष्ट निघालीच आहे, तर पाऊलखुणांचा उल्लेख व्हायला हवा. नॉर्मंडीतल्या ल रोझेल येथे सुमारे ८०,००० वर्षांपूर्वीच्या वाळूत २५७ पाऊलखुणा मिळाल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्या निअँडरथलच्या असाव्यात असे संशोधक मानतात, आणि त्यांतल्या बहुसंख्य मुलांच्या आणि किशोरवयीनांच्या आहेत. आता आठवून पाहा, चित्रपटांतल्या टोळीत मुले किती असतात? आईच्या कमरेवर एक तान्हे असते आणि ते संकट आले की रडते. टोळीत खरोखर वावरणारी, मध्येमध्ये लुडबुडणारी, मोठ्यांची हत्यारे पळवणारी मुले दिसतच नाहीत.

न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स येथे तर एक अख्खे दृश्य जमिनीत उमटलेले आहे. किमान दहा हजार वर्षांपूर्वी एक तरुण मुलगा किंवा लहानखुरी स्त्री दोन-तीन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन ओल्या मातीतून दीड किलोमीटरहून अधिक अंतर चालली. मध्येच मुलाला खाली ठेवलेले दिसते, कारण तेथे चिमुकली पावले आहेत. चाल झपाट्याची आहे. परतीच्या वाटेवर मात्र मुलाची पावले कोठेही नाहीत. मधल्या काळात एक मॅमथ आणि एक महाकाय स्लॉथ (जमिनीवर राहणारा, आता नामशेष झालेला प्राणी) ती वाट ओलांडून गेले. मॅमथ आपल्या चालीने निघून गेला, स्लॉथ मात्र माणसाचा माग लागताच मागच्या पायांवर उभा राहिलेला दिसतो. एवढी तयार पटकथा मातीत असताना चित्रपटांना दर वेळी दोन टोळ्यांचे युद्धच का सुचावे, हे कोडे आहे.

खट्याळ_खार

कारण मुलांसोबत चित्रीकरण करणे हे मॅमथसोबत करण्यापेक्षा अवघड असते. मॅमथ संगणकात बसतो.

चकमक

मूळ प्रश्नाकडे येतो. अश्मकथा यांचे मत मला पूर्ण पटले आणि त्यासाठी विस्तवाचेच उदाहरण पुरेसे आहे. पडद्यावर कोणीतरी हाती लागलेले दोन दगड एकमेकांवर आपटतो आणि सुक्या काटक्यांचा भडका उडतो. चकमकीचा दगड चकमकीवर आपटला तर क्षीण चमक दिसते, तिने काहीही पेटत नाही. त्यासाठी पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक यांचे खनिज लागते. चकमकीच्या धारेने त्याचा सूक्ष्म कण खरवडला गेला की तो हवेत तापून तांबूस ठिणगी होते.

मी हे एका कार्यशाळेत करून पाहिले आहे. ठिणग्या उडवणे मनगट दुखेपर्यंत जमले, पण त्या काटक्यांवर पडून विझत राहिल्या. झाडाच्या खोडावर वाढणारी एक टणक अळंबी असते, तिचा आतला भाग खरवडून केलेला मऊ तपकिरी लगदा मग आम्हाला दिला. त्यावर पडलेली ठिणगी विझत नाही, टाचणीच्या डोक्याएवढा नारिंगी ठिपका होऊन सावकाश पसरत राहते. ज्वाळा अशी दिसतच नाही. तो ठिपका सुक्या गवताच्या घरट्यात ठेवून, घरटे तोंडासमोर धरून, लांब आणि हळू फुंकर घालावी लागते. आधी पांढरा दाट धूर येतो, मग एकाएकी हातात जाळ असतो. शिकवणारे गृहस्थ हे सगळे शेजाऱ्याशी गप्पा मारत करत होते, आणि त्यांच्याकडे पाहताना मला चित्रपटांत काय चुकते ते कळले. १९९१ साली आल्प्समधल्या बर्फात सापडलेल्या ओत्झी या प्राचीन मानवाच्या शवाजवळही ही अळंबी होती आणि तिच्यावर पायराइटचे कण होते. तो जेमतेम ५,३०० वर्षांपूर्वीचा आणि तांब्याची कुऱ्हाड बाळगणारा असला, तरी निअँडरथलही पायराइटने ठिणगी पाडत असावेत असे त्यांच्या दगडी हत्यारांवरच्या घासल्याच्या खुणांवरून २०१८ साली सुचवण्यात आले आहे.

संकलक

चकमक यांच्या प्रतिसादाला व्यवसायातली एक जोड देतो. दगड घडवण्याची दृश्ये माझ्या टेबलावर येतात, तेव्हा ती निरपवादपणे तीन तुकड्यांत असतात: नटाचा चेहरा, आपटणारा हात आणि तयार हत्यार. मधले सगळे गाळलेले असते, कारण नटाला ते येत नसते. खरा कारागीर दगड फोडताना आघात थोडेच करतो. प्रत्येक आघाताआधी तो कड दुसऱ्या दगडाने घासून बोथट करतो, दगड कलता करून कोन पाहतो, पुन्हा घासतो, मग एकच टोला देतो. चांगला सुटलेला छिलका खणखणीत आवाज करतो, आत तडा असलेला दगड बद्द वाजतो आणि कारागीर तो तेथेच टाकून देतो. हे सगळे एका लांब दृश्यात, न कापता दाखवले तर प्रेक्षक खिळून राहील अशी माझी खात्री आहे. परंतु त्यासाठी नटाने काही महिने दगड फोडायला हवेत, आणि निर्माते तलवारबाजीच्या शिकवणीला पैसे देतात तसे याला देत नाहीत.

सुईदोरा

सराईतपणाची महती मान्य, पण कपड्यांना दुय्यम ठरवण्याची एवढी घाई नको. कातड्याची चिंधी एका खांद्यावर आणि दुसरा खांदा उघडा, हा वेश हिमयुगात माणसाला एका रात्रीत मारील. अंगावरच्या कपड्यांत राहणारी ऊ डोक्यातल्या उवेपासून केव्हा वेगळी झाली याचा जनुकीय अंदाज किमान ८३,००० वर्षांपूर्वीचा आहे, म्हणजे माणूस नित्य कपडे निदान तेव्हापासून घालतो आहे. रशियातल्या सुंगीर येथे सुमारे ३४,००० वर्षांपूर्वीच्या दफनांत मॅमथच्या दातांपासून केलेले तेरा हजारांहून अधिक मणी मिळाले. ते कपड्यांवर शिवलेले असावेत असे त्यांच्या रांगांवरून दिसते. ही माणसे नटणारी होती.

अश्मकथा यांची पात्रे निअँडरथल आहेत, त्यामुळे त्यांच्या हाती नेढे असलेली सुई देऊ नये, तसा पुरावा नाही. मात्र फ्रान्समध्ये निअँडरथलांनी हरणाच्या बरगडीपासून केलेली, कातडे घासून मऊ आणि पाणरोधक करण्याची साधने मिळाली आहेत, आणि तशाच आकाराचे साधन चामड्याचे कारागीर आजही वापरतात. म्हणजे कातडे उत्तम कमावलेले, अंगाशी लपेटून वादीने बांधलेले असावे. केसाळ बाजू बाहेर ठेवून लोंबणाऱ्या शेपट्या दाखवणे बंद केले, तरी निम्मे काम होईल.

त्वचेच्या रंगाबाबतही लिहून ठेवते, कारण तेथे अज्ञानापलीकडचे काही असते. पडद्यावर निअँडरथल काळपट आणि नवे आलेले आपले पूर्वज गोरे दाखवण्याची प्रथा आहे. आफ्रिकेतून येणाऱ्या त्या पूर्वजांची त्वचा गडद असणार. त्वचा उजळ करणारे जनुकभेद युरोपात प्रामुख्याने गेल्या दहा हजार वर्षांत पसरले. ब्रिटनमधल्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या चेडर मॅनची त्वचाही बहुधा काळी किंवा गडद तपकिरी होती, हे २०१८ साली जाहीर झाले तेव्हा कित्येकांना ते पचले नाही.

संशयात्मा

त्वचेच्या रंगाचा मुद्दा निरुत्तर करणारा आहे. तेथे अनुमान भक्कम आहे आणि चूक निरुपद्रवी नाही. भाषेच्या बाबतीत मी माझ्या जागी ठाम आहे. दंतोष्ठ्य यांनी सुचवलेली न समजणारी भाषा ऐकताना प्रेक्षक पात्रांना आपोआप आपल्यापेक्षा कमी बुद्धीचे समजतो, कारण त्यांचे विनोद त्याला कळत नाहीत. विनोद न कळणारा माणूस पडद्यावर मंदच वाटतो.

दंतोष्ठ्य

हा आक्षेप मी हलका मानत नाही. परंतु विनोद शब्दांवाचूनही पोहोचतो. एकाने दुसऱ्याच्या चालण्याची नक्कल केली आणि बाकीचे हसले, तर भाषांतर लागत नाही. अनोळखी भाषेत दोघे भरभर आणि एकमेकांचे बोलणे तोडत बोलू लागले, तर त्यांना मंद कोण म्हणेल? कृत्रिम भाषांची अडचण अशी की, नट ती पाठ केलेल्या स्तोत्रासारखी एकेक शब्द सुटा करून म्हणतात. तेथेही अश्मकथा म्हणतात तो सराईतपणाच कमी पडतो.

अश्मकथा

एवढे प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते. पहिला खर्डा बराच बदलणार आहे. मुलांची संख्या वाढवतो, दोन टोळ्यांची चकमक काढून टाकतो. आता व्यवहाराचा प्रश्न विचारतो. पैसे मोजके आहेत आणि नटांच्या तालमीला फार तर दोन महिने मिळतील. रंगभूषा, भाषा, कपडे आणि हस्तकौशल्य यांपैकी एकाच गोष्टीवर भर द्यायचा झाला, तर कशावर द्यावा? आणि एक म्हातारा पात्र म्हणून ठेवावा का? मोठी माणसे तिशीतच मरत असत असे निर्मात्याचे म्हणणे आहे.

जुनाट

तो सरासरीने केलेला घोटाळा आहे. बालमृत्यू मोठ्या प्रमाणावर असले की सरासरी आयुर्मान खाली येते, त्याचा अर्थ सगळे तिशीत मरत असा होत नाही. निअँडरथलांत वृद्ध कमी असावेत, पण होते. इराकमधल्या शानिदार गुहेत १९५७ साली मिळालेला पहिल्या क्रमांकाचा सांगाडा अवश्य पाहा. डाव्या डोळ्याजवळ जबर मार बसून बरा झालेला, उजवा हात वाळलेला आणि कोपराजवळ तुटलेला, बहुधा ऐकूही कमी येणारा हा पुरुष त्या स्थितीत कित्येक वर्षे जगला आणि चाळिशीच्या आसपास वारला. दुसऱ्यांच्या मदतीशिवाय हे शक्य नव्हते, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तुमचा म्हातारा म्हणून तोच घ्या. फक्त त्याला शहाणपणाची भाषणे देऊ नका.

रंगपेटी

माझ्या पोटावर पाय येईल, तरी उत्तर देते: पैसे तालमीवर घाला. अर्धवट प्रोस्थेटिकपेक्षा उघडा चेहरा बरा. दात, हातांवरचे घट्टे, नखांतली राख आणि जुन्या जखमांचे व्रण एवढेच मागा, ते स्वस्तात होते. नटांची दाढी खरी वाढवा आणि हनुवटीचा प्रश्न तिच्यावर सोडून द्या.

संकलक

तालमीसाठी दोन महिने असतील, तर प्रत्येक नटाला एकेकच काम द्या आणि तेवढेच रोज करायला लावा. एकाने दगड, एकीने कातडे, एकाने विस्तव. वाळलेल्या हाताच्या त्या पुरुषाला कातडे दातांत धरून डाव्या हाताने खरवडू द्या. निअँडरथलांच्या पुढच्या दातांवर अशा कामाचे ओरखडे मिळालेले आहेत, त्यामुळे तुमच्यावर कोणी आक्षेप घेणार नाही. चित्रीकरणाच्या दिवशी त्यांना काम करता करता बोलायला सांगा, आणि कॅमेरा हातांवरून चेहऱ्याकडे न्यायची घाई करू नका. नाहीतर ते तुकडे पुन्हा माझ्यासारख्या कोणाच्या तरी टेबलावर तीनच्या तीन येतील.

खट्याळ_खार

आणि मुलांपैकी एकाला त्या म्हाताऱ्याचे हत्यार पळवू द्या. त्याला तालीम लागणार नाही.